भर पावसातील मजल

ज्या जिल्ह्याचे नाव निघताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली शेते, टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या वस्त्या आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी परमुलखाला निघणारी कुटुंबे उभी राहतात, त्या बीड जिल्ह्यातून पावसात भिजत केलेल्या लांबलचक सायकलप्रवासाविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटण्याचा संभव आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेल्या या मुलखाचे वार्षिक पर्जन्यमान सरासरीने ७०० मिलिमीटरच्या आतच राहते, हे खरे. परंतु जो पाऊस जून-जुलैत हुलकावणी देतो तोच भाद्रपद-आश्विनात, बंगालच्या उपसागरात उठलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याबरोबर मराठवाड्यावर चालून येतो आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस उसंत म्हणून घेत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा आणि मांजरा या नद्यांनी आपल्या काठच्या शेताशिवारांची जी दशा केली, ती पाहिलेल्या माणसाला या जिल्ह्याच्या पावसाचा स्वभाव निराळा समजावून सांगावा लागत नाही.

असे असूनही लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना येथे पावसाळ्याचेच महिने सोयीचे पडतात. वैशाखात पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना दिवसभर पेडल मारणे प्रकृतीस अपायकारक, आणि कारखान्यांची धुराडी पेटल्यानंतर रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा जो अंमल बसतो त्यात सायकलीला जागा उरणे कठीण. तेव्हा मधला हिरवा, गार परंतु बेभरवशाचा हंगाम तेवढा हाती लागतो. म्हणून पाऊस चुकवून राइड करण्याचा बेत पुष्कळदा कागदावरच राहतो, आणि पावसासकट ती निभावून कशी न्यावी, याचे ज्ञान करून घेणे क्रमप्राप्त होते.

समूहाने सायकलीवरून दूरदेशी जाण्याची परंपरा आपल्याकडे नवी नव्हे. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांच्या तुकडीपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परतले. १९८५-८६ मध्ये बाबा आमटे यांनी कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा त्यांच्यासमवेत निघालेल्या तरुण-तरुणींचे वाहन सायकल हेच होते. नाशिकचे सायकलस्वार गेले दशकभराहून अधिक काळ आषाढीच्या सुमारास पंढरपूरची सायकलवारी करीत आले आहेत. आणि त्याच शहरातील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड आडवे ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पुरी केली, तेव्हा दोघांच्या गटात ती पूर्ण करणारे ते पहिलेच भारतीय ठरले.

आज या प्रवासाला आलेले नियमबद्ध रूप मात्र फ्रान्समधून आले. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची जी सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत प्रथम भरली, तिचे शर्यतपण कालांतराने गळून पडले आणि ९० तासांच्या मुदतीत ते अंतर कापणाऱ्या प्रत्येकाचा सारखाच सन्मान करणारा, चार वर्षांनी एकदा येणारा उपक्रम शिल्लक राहिला. तेथे प्रवेश मिळविण्यासाठी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरचे टप्पे अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांत पार करावे लागतात. आपल्याकडील सायकलस्वार ज्यांना ‘बीआरएम’ म्हणून ओळखतात ते हेच. वाटेतील ठाण्यांवर हजेरीचा दाखला घ्यावा, रात्री दिवे आणि चकाकणारे जाकीट वापरावे, आणि पहिला कोण व शेवटचा कोण याची नोंद कोणी करू नये, असा या उपक्रमांचा सर्वसाधारण शिरस्ता आहे. २००७ सालच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये पावसाने आणि समोरच्या वाऱ्याने इतका उच्छाद मांडला, की पात्रता सिद्ध करून आलेल्या मुरब्बी स्वारांपैकीही चतुर्थांशाहून अधिकांनी वाटेतच माघार घेतली. यावरून हवामानापुढे तयारीची मातब्बरी किती, याचा अंदाज करता येईल.

बीड जिल्ह्यात अशा २०० किलोमीटरच्या आगेमागे भरणाऱ्या वर्तुळाची कल्पना करावयाची, तर जिल्ह्याची रचना ध्यानात घ्यावी लागते. पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेल्या बालाघाटाच्या रांगांनी जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत: उत्तरेस गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्याभोर मातीचा सखल प्रदेश आणि दक्षिणेस मुरमाड माथ्याचे पठार. बीड शहर सोडून सोलापूरच्या वाटेला लागल्यावर निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास बांधलेली खजाना विहीर मागे पडते. पालीजवळ बिंदुसरेचा तलाव लागतो, आणि मग मांजरसुंब्याचा घाट चढून स्वार पठारावर येतो. पुढे नेकनूर आणि केज ओलांडून, योगेश्वरीच्या आणि मुकुंदराजाच्या अंबाजोगाईस थोडा विसावा घेऊन, घाट उतरत परळी वैजनाथास पोहोचावे, आणि तेथून सिरसाळा, तेलगाव, वडवणी या सखल वाटेने बीडला परतावे. नकाशावर हे वर्तुळ साधे दिसते. परंतु पावसाळी वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे जाताना पाठीशी राहून ज्याने नकळत साह्य केले तोच वारा परळीपासून परतीच्या नव्वदेक किलोमीटरांत, पाय थकलेले आणि कपडे निथळत असताना, छातीवर येतो. प्रारंभी वेगाच्या भरात सारी शक्ती खर्चून बसलेल्या उत्साही मंडळींची वसुली येथे होते.

भिजलेल्या शरीराचे गणित निराळे असते. उष्णता वाहून नेण्याची पाण्याची शक्ती हवेच्या सुमारे पंचवीसपट असल्यामुळे, बाहेर बावीस अंश तापमान असतानाही, ओल्या सुती कपड्यांतून तासन्‌तास वारा घेणारा माणूस कुडकुडू लागतो. चढावर श्रमाने निर्माण होणारी ऊब उतारावर पेडल थांबताच नाहीशी होते, आणि म्हणून घाट चढण्यापेक्षा उतरणे अधिक जोखमीचे ठरते. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की बोटे ब्रेकवर वळेनाशी होतात, बोलणे अडखळते, साधा निर्णय घेणे जड जाते. आणि ऊब न मिळताच कुडकुडणे आपोआप थांबले, तर ते बरे होण्याचे लक्षण नसून प्रकृती अधिक बिघडल्याचे चिन्ह असते. अशा सोबत्याला आडोशास नेऊन कोरडे कपडे घालावेत, शुद्धीवर असल्यास गरम व गोड चहा पाजावा, आणि लवकर उतार न पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या वर्तुळात अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, हेही निघण्यापूर्वी ठाऊक असावे. पावसात तहान लागत नाही म्हणून पाणी पिण्याचे विसरू नये, आणि भुकेची वाट न पाहता तासातासाला काही तरी खात जावे. या कामी मराठवाड्याच्या घरोघरी होणारे धपाटे आणि गूळ-शेंगदाणे यांची बरोबरी महागड्या पुड्यांना सहसा येत नाही. आणि हंगाम असेल तर भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळ घाटाघाटांतून टोपल्या भरून बसलेले असतेच.

यंत्राच्या तक्रारीही पावसात वाढतात. रिमला धरणारे ब्रेक ओले झाले की गाडी थांबण्यास लागणारे अंतर पुष्कळ वाढते, आणि त्यांत अडकलेली वाळू रिम खात राहते. म्हणून उताराच्या आधीच ब्रेक हलकेच दाबून चाकावरचे पाणी पुसून घेण्याची सवय करावी. टायरमधील हवा नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवल्यास पकड सुधारते. ओल्या रबरात काच आणि वेड्या बाभळीचा काटा अधिक सहज शिरतो, त्यामुळे कोरड्या दिवशी एक ट्यूब पुरते तेथे पावसात दोन घेतलेल्या बऱ्या. साखळीचे तेल धुऊन जाते, ते वाटेत पुन्हा घालावे लागते. रस्त्यावरील पांढरे पट्टे, पहिल्या सरीत वर येणारा तेलाचा तवंग आणि डबक्याखाली दडलेला खड्डा या तिन्ही ठिकाणी हँडल सरळ ठेवून, न झुकता आणि न दचकता पुढे जावे. परंतु सर्वांत अवघड प्रसंग काळ्या मातीचा: रस्त्याच्या कडेला उतरलेले चाक दहा-वीस हातांत त्या चिखलाने असे माखते, की मडगार्ड आणि टायर यांमधली फट भरून चाक फिरणेच बंद होते, आणि मग काडी घेऊन तो गाळ खरवडीत बसण्यावाचून गत्यंतर राहत नाही. डांबर सोडावयाचे नाही, हा सखल भागातला पहिला नियम त्यातूनच आला.

या सर्व संकटांना एकट्याने तोंड देणे आणि समूहाने देणे यांत फार अंतर आहे. पुढच्या स्वाराच्या पाठीमागे राहिल्याने हवेचा विरोध कमी होतो आणि श्रमाची सहज पाव हिश्श्याने बचत होते. म्हणून समोरचा वारा असताना पाच-सहा जणांनी आळीपाळीने काही मिनिटे पुढे राहून बाकीच्यांना आडोसा देण्याची रीत आहे. पावसात ही रीत सोडू नये, परंतु तिच्यात फरक करावा: दोन चाकांमधील अंतर वाढवावे, ब्रेक लावण्यापूर्वी मोठ्याने सांगावे, खड्डा असेल तिकडे हाताने खूण करावी, आणि आपल्या मागच्या चाकाचा फवारा पाठीमागच्याच्या तोंडावर जाऊ नये म्हणून मडगार्डला रबरी पट्टी लावणे ही सभ्यतेची किमान अट मानावी. सर्वांच्या पुढे वाट ठाऊक असलेला एक, सर्वांच्या मागे हवा भरण्याचा पंप आणि औषधे बाळगणारा दुसरा अनुभवी स्वार, आणि दर थांब्यावर डोकी मोजून रुजुवात, एवढा बंदोबस्त असला की निम्मी भीती दूर होते. गटाचा वेग सर्वांत मंद चालवणाऱ्याचा असावा, हे तत्त्व कोरड्या दिवशी सौजन्याचे वाटते. पावसात ते सुरक्षिततेचे ठरते, कारण मागे एकट्या पडलेल्या, थंडीने ग्रासलेल्या माणसाला आपली अवस्था बिघडत चालल्याचे स्वतःला कळत नाही, ती सोबत्यालाच ओळखावी लागते.

हे शिकण्यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. पैठणहून निघणारी नाथांची पालखी, मुक्ताईनगरहून येणारी मुक्ताबाईंची पालखी आणि शेगावहून परळी-अंबाजोगाईच्या वाटेने येणारी गजानन महाराजांची पालखी या आषाढीच्या तिन्ही पालख्या बीड जिल्ह्यातून पुढे पंढरपूरकडे जातात, आणि भर पावसात हजारो माणसे चालूनही त्यांत कोणी सहसा चुकत नाही, ते दिंडीच्या शिस्तीमुळे. विणेकरी कोठे, पताका कोठे, मुक्कामाचे सामान नेणारी गाडी कोठे, हे ठरलेले असते. मुक्काम आधीच नेमलेले असतात, आणि वृद्ध वारकऱ्याला मागे टाकून मुक्कामावर लवकर पोहोचण्यात कोणालाही भूषण वाटत नाही. सायकलवारीत ही मांडणी जशीच्या तशी उपयोगी पडते; तिला वेगाच्या नादात विसरणारे गट पहिल्याच मोठ्या सरीत विस्कटतात.

तरीही दोन गोष्टींपुढे उत्तम गटानेही हात जोडावेत. पहिली वीज. मराठवाड्यातील वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडून दरसाल माणसे व गुरे दगावतात, आणि बालाघाटाच्या उघड्या माथ्यावर सायकलस्वार हाच कित्येकदा सर्वांत उंच असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या इमारतीचा आश्रय घ्यावा, एकट्या झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटेपर्यंत बाहेर पडू नये. दुसरी गोष्ट पुलावरून वाहणारे पाणी. जुलै १९८९ मध्ये एरवी ओढ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदुसरेने बीड शहरातील वस्त्या उद्ध्वस्त केल्या आणि अनेकांचे प्राण घेतले. तेव्हा कमी उंचीच्या पुलावर गुडघाभर गढूळ पाणी वाहत असता, पलीकडे केवळ चार पावलांवर रस्ता दिसतो म्हणून सायकल खांद्यावर घेऊन उतरणे यास साहस म्हणता येणार नाही. परत फिरणे किंवा तासभर थांबणे, एवढेच दोन मार्ग अशा वेळी खुले असतात.

म्हणून येत्या पावसाळ्यात असा बेत आखणाऱ्या मंडळींना विनंती एवढीच, की आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा अंदाज पाहावा. नारंगी वा लाल इशारा असेल तर दिवस पुढे ढकलण्यास संकोच करू नये. आणि निघण्यापूर्वीच, कोणत्या ठिकाणावरून आणि कोणाच्या शब्दावरून परत फिरावयाचे, हे सर्वांसमक्ष ठरवून घ्यावे. मुदतीच्या आत दाखला मिळाला तर आनंदच आहे. परंतु सकाळी जितक्यांनी हजेरी लावली तितकेच जण संध्याकाळी धडधाकट मुक्कामावर मोजले गेले, तरच ती राइड यशस्वी झाली असे म्हणावे, मग ती बीडच्या वेशीवर संपलेली असो वा वाटेत केजलाच आवरती घेतलेली असो.