दार कुठे आहे, ते आधी पाहा

स्पेन पाहताना : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण सेव्हिलच्या गल्ल्या पायी पालथ्या घातल्या. तिथे सोबत वाटाड्या नसला तरी फारसं अडत नाही. पण सेव्हिल किंवा मालागाला मुक्काम ठेवून आंदालुसियातल्या एका दिवसाच्या सहली आखायला बसलं, की गणित बदलतं. पाहण्यासारख्या कितीतरी जागी मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. कुठे घड्याळाचा धाक, कुठे डोक्यावर हेल्मेटची सक्ती, तर कुठे परवाना असलेल्या गाडीतूनच प्रवेश. ‘ग्रुप टूर’ म्हटलं की आपल्यातले बरेच जण नाक मुरडतात. दक्षिण स्पेनमध्ये मात्र गटानं जाण्याचं मूळ बऱ्याचदा त्या जागेच्या स्वभावात असतं. कंपन्यांची सोय नंतर येते.

ग्रानादाचा अल्हाम्ब्रा घ्या. नास्र घराण्याच्या पहिल्या मुहम्मदानं १२३८ मध्ये इथल्या टेकडीवर बस्तान बसवलं आणि २ जानेवारी १४९२ रोजी शेवटच्या सुलतानानं शहर इसाबेल आणि फेर्नान्दो या राजाराणीच्या हवाली केलं. मधल्या अडीचशे वर्षांत जे महाल उभे राहिले, त्यांचं वैभव दगडात कमी आणि नाजूक मालात जास्त आहे. भिंतीच्या खालच्या भागात तुकडे जुळवून बसवलेल्या रंगीत फरशा, त्यावर बारीक कोरलेला गिलावा आणि माथ्यावर लाकूडकाम. राजदूतांच्या दिवाणखान्याचं छत लाकडाच्या आठ हजारांहून अधिक तुकड्यांचं आहे. असल्या कामाला गर्दी सोसत नाही. म्हणून तिकिटावर तुमचं नाव असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो आणि नास्र महालांत शिरायची वेळ ठरवून दिलेली असते. ती चुकली की बागा आणि किल्ला पाहून परतायचं; महाल हुकला तो हुकलाच.

एकदा आत गेलं की मात्र चांगल्या वाटाड्याची किंमत कळते. महालाच्या भिंतींवर एक अरबी वाक्य पुन्हा पुन्हा येतं : ‘अल्लाहवाचून कुणी विजयी नाही’. हे नास्र घराण्याचं ब्रीद. अक्षरांचं वळण कुणी एकदा बोट ठेवून दाखवलं, की ते कमानीच्या कडेला, खांबाच्या माथ्यावर, खिडकीच्या चौकटीत आपलं आपल्याला सापडू लागतं. तोवर नुसती वेलबुट्टी वाटणारी भिंत बोलायला लागते. हे एकट्यानं, हातात पुस्तक धरून साधणं कठीण.

दुसरं उदाहरण मालागा प्रांतातल्या कामिनितो देल रे या कड्यावरच्या वाटेचं. ग्वादालोर्से नदीच्या घळीत दोन जलविद्युत केंद्रांच्या मधे कामगारांना ये-जा करता यावी, म्हणून १९०१ ते १९०५ या काळात ही वाट कड्याला टांगली गेली. १९२१ मध्ये धरणाच्या समारंभाला आलेला राजा तेरावा आल्फोन्सो इथे आला आणि वाटेला ‘राजाची’ हे नाव चिकटलं. पुढे ती मोडकळीला आली, १९९९ आणि २००० मध्ये काही जणांचा पडून मृत्यू झाला आणि ती बंद करावी लागली. नवी वाट मार्च २०१५ मध्ये खुली झाली.

आजचा पूर्ण मार्ग साडेसात किलोमीटरच्या आसपास आहे. त्यातला दीडेक किलोमीटर कड्याला ठोकलेल्या फळ्यांवरून जातो, नदीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवर. सुरुवातीलाच जाळीची टोपी आणि त्यावर हेल्मेट हातात देतात. चालायचं उत्तरेकडून दक्षिणेकडे, एकाच दिशेनं. मागे फिरायचं नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना मनाई आहे. वारा जोरात सुटला की दिवस रद्द. फळ्यांवरून खाली नजर टाकली की जुनी वाट दिसते : फुटलेलं काँक्रीट, मधली भगदाडं आणि कड्यातून बाहेर आलेले नुसते लोखंडी रूळ. इतकी कडक शिस्त कशासाठी, हे ते पाहिल्यावर कुणी सांगावं लागत नाही. डोक्यावरून गिधाडं घिरट्या घालत असतात, पण मान वर करायची तर आधी थांबायचं, एवढं पथ्य पाळावं.

तिसरं दार दोन्यानाचं. ग्वादालकिवीर नदीच्या मुखाशी असलेलं हे राष्ट्रीय उद्यान १९६९ मध्ये जाहीर झालं. ताडोबाच्या गाभ्यात जसं जिप्सी आणि गाइडशिवाय शिरता येत नाही, तसंच इथेही परवाना असलेल्या गाडीतूनच आत जायचं. गाडी उंच चाकांची, वीस-पंचवीस आसनांची. फेरी साधारण चार तासांची : समुद्रकिनारा, वाळूच्या टेकड्या, पाइनची झाडी आणि शेवटी दलदलीचा काठ. या टेकड्या सरकत्या आहेत. वारा वाळू आत ढकलत राहतो आणि समोर आलेली पाइनची झाडं हळूहळू गाडली जातात. टेकडी पुढे गेली की मागे उरतात नुसते वाळलेले बुंधे. हिवाळ्यात उत्तर युरोपातून हजारो हंस येतात आणि अन्न दळलं जावं म्हणून टेकडीवर उतरून चक्क वाळू खातात. उन्हाळ्यात मात्र दलदल कोरडी पडते. भूजलाच्या उपशामुळे तिच्यावरचा ताणही वाढलाय. तेव्हा पाणपक्ष्यांसाठी जायचं, तर महिना पाहून जावं.

आणि लिंक्स? या शतकाच्या सुरुवातीला हा आयबेरियन रानमांजराचा वंश शंभराच्याही खाली आला होता. दोन्याना आणि सिएरा मोरेना एवढ्याच दोन ठिकाणी तो तगून होता. आज स्पेन-पोर्तुगाल मिळून तो दोन हजारांच्या वर गेलाय. तरी एका फेरीत तो दिसेलच, असं छातीठोक सांगणाऱ्या जाहिरातीपासून दूर राहिलेलं बरं.

आता याच्या उलट टोक, रोंदा. ९८ मीटर उंचीचा, १७९३ मध्ये पुरा झालेला तिथला पूल पाहायला ना तिकीट, ना वेळेची अट. म्हणूनच सगळ्या बसगाड्या अकराच्या सुमारास एकदम येऊन थडकतात आणि चार वाजले की निघून जातात. दरीवर तिरपं ऊन पडतं आणि गाव आपल्या चालीनं वागू लागतं, तेव्हा सहलीतली माणसं हमरस्त्याला लागलेली असतात. अशा गावी गटानं जाण्यात मिळकत थोडी आणि गमावणं जास्त. आगगाडीनं किंवा साध्या बसनं जाऊन एक रात्र राहावं.

म्हणजे जिथे दार आहे तिथे गट घ्यावा, जिथे नाही तिथे आपले पाय वापरावेत. गट निवडतानाही छापील कार्यक्रमपत्रिकेवर गावांची नावं किती, हे मोजत बसू नये, तास मोजावेत. सेव्हिलपासून ग्रानादा अडीचशे किलोमीटर. जाऊन-येऊन पाच-सहा तास बसमध्येच जातात. मालागाहून ग्रानादा दीड तासावर. त्यात ‘ग्रानादा आणि कोर्दोबा एका दिवसात’ असं कुणी विकत असेल, तर तो खिडकीतून दिसणारा हमरस्ता विकतोय.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. एक, दरात नास्र महालांचा प्रवेश आहे, की फक्त बागांचा? ‘अल्हाम्ब्रा भेट’ या दोन शब्दांत दोन्ही बसतं. दुसरी, आतमध्ये समजावून सांगणार कोण? आंदालुसियात संरक्षित वास्तूंमध्ये हे काम प्रादेशिक सरकारचा परवाना असलेल्या गाइडचं आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याहून गेलेल्या गटाचा टूर मॅनेजर दारापाशी सूत्रं स्थानिक गाइडकडे सोपवतो आणि कानातल्या यंत्रातून इंग्रजी सुरू होतं. घरच्या ज्येष्ठांना ते उमगणार नसेल, तर जाताना बसमध्येच टूर मॅनेजरकडून मराठीत गोष्ट ऐकून घ्यावी. त्यासाठी तो प्रवास छान उपयोगी पडतो.

काळ म्हणाल, तर मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिल आणि कोर्दोबात पारा चाळिशीपार जातो. तिथलं जेवण दोनच्या पुढे असतं, त्यामुळे बाराला भूक लागणाऱ्यांनी पिशवीत काहीतरी ठेवावं.

पुढच्या आठवड्यात अंतेकेरा : साडेपाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची महाकाय शिळांची थडगी आणि त्यांच्या शेजारचा एल तोर्कालचा चुनखडकांचा पसारा.