श्वासाचा आधार आणि बालकाची वाणी

भाषेचे मूळ द्रव्य श्वास होय. फुफ्फुसांतून बाहेर पडणारी हवा स्वरतंतूंना कंपित करते आणि पुढे मुख व नासिका यांच्या पोकळ्यांत तिला वर्णाचे रूप येते. म्हणूनच जुनाट फुफ्फुसविकार असलेल्या बालकास श्वासाचा आधार कोणत्या मार्गाने द्यावा, हा प्रश्न वैद्यकाचा असला तरी भाषाभ्यासकास परका नाही.

अकाली जन्मलेल्या अर्भकांतील अशा एका विकाराचे वर्णन अमेरिकेत नॉर्थवे व त्यांचे सहकारी यांनी १९६७ साली केले. श्वसनयंत्राच्या उपचारात मिळालेल्या अतिरिक्त प्राणवायूशी त्याचा संबंध त्यांनी जोडला. १९७१ साली सान फ्रान्सिस्को येथील ग्रेगरी प्रभृतींनी असे दाखविले की, हवेचा दाब अखंड ठेवल्यास अर्भकाचे वायुकोश उच्छ्वासाच्या शेवटी मिटत नाहीत. त्यांच्या बहुतेक रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घातलेली होती. पुढे तोच दाब नाकावाटे देण्याची पद्धती रूढ झाली.

या पद्धतीचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात दाब सतत सारखाच राहतो. दुसऱ्यात श्वास घेताना तो वाढतो व सोडताना उतरतो, त्यामुळे थकलेल्या स्नायूंचे श्रम हलके होतात.

आता वाणीचा विचार करू. गळ्यास छेद देऊन बसविलेली नळी स्वरयंत्राच्या खाली उघडते. हवा तेथूनच निघून जात असल्याने स्वरतंतू स्तब्ध राहतात आणि बालकाचे रडणेही पुष्कळदा ऐकू येत नाही. सहाव्या महिन्यानंतर ज्या काळात ‘बाबा’, ‘मामा’ अशी अक्षरांची पुनरुक्ती सुरू व्हावयाची, तोच काळ मौनात जाण्याची भीती असते. मुखवट्याने मात्र स्वरयंत्रास धक्का लागत नाही. केवळ रात्री आधार पुरत असेल, तर दिवसा मूल मोकळेपणे बोलू शकते.

तथापि मुखवटा निर्दोष नव्हे. नाकाच्या दांड्यावर व्रण पडतात, पोटात हवा भरते, आणि वर्षानुवर्षे वापरल्यास वाढत्या चेहऱ्याचा मध्यभाग चपटा होण्याचा संभव असतो. ज्या मुलास अहोरात्र आधार हवा किंवा ज्याला स्वतःचा श्वासमार्ग राखता येत नाही, त्याच्यासाठी गळ्यातील नळी हीच जीवनदायी ठरते. तेथे ती पत्करण्यात अनमान करणे योग्य नव्हे. मात्र अशा वेळी उच्छ्वास स्वरयंत्राकडे वळविणारी एकमार्गी झडप मुलास सोसते काय, हे पाहावे. न सोसल्यास हातांच्या खुणांची भाषा आरंभापासून द्यावी. प्राण राखणे हे पहिले कर्तव्य खरेच. परंतु राखलेल्या प्राणास वाणीची वाट खुली ठेवणे हेही त्याच कर्तव्याचे अंग होय.