बातमीदारांच्या कादंबऱ्या (लेखांक ५) : वादळ आलेच नव्हते

बातमीदारी लेखकाचा हात घडवते, पण ती वेळेवर सोडता आली पाहिजे, हे हेमिंग्वेचे मत आपण गेल्या आठवड्यात पाहिले. आजच्या लेखकाने ते कधी मानले नाही. १९८२ साली नोबेल मिळाल्यावरही गॅब्रिएल गार्सिया मार्केझ स्वतःला आधी पत्रकार म्हणवत राहिला. जादुई वास्तववादाचा हा बादशहा वृत्तपत्राच्या कचेरीत काय शिकला आणि ते कादंबरीत कसे वापरले, हे आज पाहू.

मार्केझचा जन्म ६ मार्च १९२७चा, कोलंबियातल्या केळीच्या मळ्यांच्या मुलखात, आराकाताका या गावी. बालपण आजोळी गेले. पुढे वडिलांच्या इच्छेखातर त्याने बोगोतात कायद्याच्या अभ्यासाला नाव घातले. ९ एप्रिल १९४८ रोजी लोकप्रिय नेते होर्हे एलिएसेर गैतान यांचा भररस्त्यात खून झाला, राजधानी पेटली, विद्यापीठ बंद पडले. एकवीस वर्षांचा मार्केझ किनाऱ्यावरच्या कार्ताहेनाला गेला आणि ‘एल उनिव्हर्साल’ या दैनिकात लिहू लागला. तिथले संपादक क्लेमेंते मानुएल साबाला लाल पेन्सिल घेऊन त्याची कॉपी तपासत. त्यानंतर बारांकियाच्या ‘एल हेराल्दो’त त्याने टोपणनावाने सदर चालवले. १९५४ मध्ये तो पुन्हा बोगोतात आला, तो ‘एल एस्पेक्तादोर’चा बातमीदार म्हणून. त्याच्या आयुष्यातले सर्वांत गाजलेले वृत्तलेखन इथलेच.

२८ फेब्रुवारी १९५५ रोजी कोलंबियाच्या नौदलाच्या ‘काल्दास’ या विनाशिकेवरून आठ खलाशी कॅरिबियन समुद्रात पडले. जहाज अमेरिकेतल्या मोबिल बंदरात दुरुस्ती करून मायदेशी परतत होते. सात जण बुडाले. लुइस आलेहांद्रो वेलास्को हा वीस वर्षांचा खलाशी तराफ्यावर अन्नपाण्यावाचून दहा दिवस तरंगत किनाऱ्याला लागला. देशात लष्करशहा रोहास पिनियाची राजवट होती. सरकारने वेलास्कोला वीर ठरवले, रेडिओवर त्याच्या मुलाखती झाल्या, घड्याळाच्या जाहिरातीतही तो झळकला. एवढे सगळे झाल्यावर तो आपली कहाणी विकायला ‘एल एस्पेक्तादोर’च्या दारात आला.

मार्केझच्या दृष्टीने ही शिळी बातमी होती. संपादक गिएर्मो कानो यांनी आग्रह धरला तेव्हा तो लिहायला तयार झाला, पण नाव घालणार नाही म्हणाला. म्हणून कहाणी प्रथमपुरुषी झाली आणि वेलास्कोच्या नावाने छापायचे ठरले. मग दोघे रोज सहा-सहा तास बसू लागले. अशा वीस बैठका झाल्या. मार्केझ टिपणे घेई आणि मधूनच फसवे प्रश्न टाकी. माणूस कुठे विसंगत बोलतो का, हे त्याला पाहायचे होते. भूक, तहान, ऊन, मासे, दिवस कोणता, वेळ कोणती, सगळे तो खोदून विचारत होता. या चौकशीतच त्याने वादळाचे वर्णन करायला सांगितले. वेलास्को हसला आणि म्हणाला की वादळ नव्हतेच.

सरकारी खुलासा सगळा त्या वादळावर उभा होता. हवामान खात्यानेही त्या दिवसांत समुद्र नेहमीसारखाच होता, असे सांगितले. खरी गोष्ट अशी, की जहाजावर चोरटा माल लादलेला होता : फ्रिज, टीव्ही, कपडे धुण्याची यंत्रे. वाऱ्याने उसळलेल्या लाटांत जहाज कलंडले, नीट न बांधलेला माल सुटला आणि त्याच्याबरोबर माणसेही पाण्यात गेली. अवजड झालेल्या जहाजाला वळून त्यांना वाचवता आले नाही. युद्धनौकेवर असा माल नेण्याला मुळात बंदीच होती. चौदा भागांची ही मालिका छापून येऊ लागली तसा पेपरचा खप भराभर वाढला. सरकारने इन्कार केला, तेव्हा पेपरने इतर खलाशांकडची छायाचित्रे मिळवून पुरवणीत छापली. त्यांत मालाची खोकी दिसत होती, खोक्यांवरची कंपन्यांची नावेही वाचता येत होती.

याची किंमत सगळ्यांनी मोजली. वेलास्कोला नौदल सोडावे लागले. मार्केझ त्याच वर्षी युरोपचा वार्ताहर म्हणून रवाना झाला आणि काही महिन्यांतच सरकारी दडपशाहीत पेपर बंद पडला. पॅरिसमध्ये पगाराविना अडकलेल्या मार्केझने पेन्शनच्या पत्राची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या कर्नलवरची लघुकादंबरी लिहिली, ती याच दिवसांत.

वेलास्कोच्या बैठकांत मार्केझने जो तपशील खरेपणा पारखायला वापरला, तोच पुढे त्याने खोटे पटवायला वापरला. ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’मध्ये पाऊस नुसता वर्षानुवर्षे पडत नाही, तो चार वर्षे, अकरा महिने आणि दोन दिवस पडतो. एवढा नेमका आकडा ऐकल्यावर वाचक शंका घ्यायचे विसरतो. मेक्सिको सिटीत सुमारे दीड वर्ष घर गहाण-उधारीवर चालवून ही कादंबरी पुरी झाली. पूर्ण हस्तलिखिताचे टपालखर्चाचे पैसे नव्हते, म्हणून आधी अर्धेच बाड ब्युनोस आयर्सला रवाना झाले. १९६७ मधली पहिली आवृत्ती आठ हजार प्रतींची होती, आणि तीही हां हां म्हणता संपली.

पण नेमक्या आकड्याची ही युक्ती नंतर लेखकाच्याच अंगावर आली. डिसेंबर १९२८ मध्ये सिएनागा इथे युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकरी मजुरांवर लष्कराने गोळीबार केला. लष्कराने मृतांची संख्या सुरुवातीला नऊ सांगितली. इतरांचे अंदाज शेकड्यांत, काहींचे हजारावर होते. कादंबरीत मार्केझने तीन हजार लिहिले. गोष्टीचा आवाका मोठा होता, त्याला लहान आकडा पुरेना, असे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. काही वर्षांनी एका स्मृतिदिनी देशाच्या सिनेटमध्ये एका वक्त्याने या तीन हजार हुतात्म्यांना आदरांजली वाहण्याचे आवाहन केले. कादंबरीतला आकडा इतिहासात जाऊन बसला होता.

मार्केझचे टीकाकार इथे त्याला पकडतात, आणि ते चूक नाही. पण या दोन धंद्यांमधली सीमा त्याला ठाऊक होती. बातमीत एक खोटा तपशील सगळे लिखाण बुडवतो आणि कादंबरीत एक खरा तपशील सगळ्या लिखाणाला आधार देतो, असे तो सांगे. म्हणून १९९३ मध्ये मारूहा पाचोन आणि त्यांचे पती आल्बेर्तो व्हियामिसार अपहरणाची कहाणी घेऊन त्याच्याकडे आले, तेव्हा त्याने निराळी वाट धरली. पाब्लो एस्कोबारच्या टोळीने १९९० मध्ये मारूहा यांच्यासह अनेक पत्रकारांना ओलीस धरले होते. नोबेलवाल्या कादंबरीकाराला त्यावर एखादी कल्पित कथा बेतणे अवघड नव्हते. त्याने मात्र जवळजवळ तीन वर्षे मुलाखती घेतल्या, टिपणे पडताळली आणि १९९६ मध्ये ‘न्यूज ऑफ अ किडनॅपिंग’ हे निखळ वृत्तांताचे पुस्तक दिले. याच काळात त्याने कार्ताहेनात तरुण पत्रकारांसाठी प्रशिक्षण संस्था उभी केली. एप्रिल २०१४ मध्ये तो गेला, तोवर तिथे पत्रकारांच्या अनेक पिढ्या शिकून बाहेर पडल्या होत्या.

हेमिंग्वेने बातमीतून वाक्य उचलले आणि तो पुढे निघाला. मार्केझने बातमीतून प्रश्न विचारण्याची सवय उचलली, आणि ती सवय धंदा सोडून टिकत नाही. कल्पनेतल्या गावालाही त्याने साक्षीदारासारखे उलटतपासले, म्हणून ते गाव आपल्याला खरे वाटते. सिनेटमधल्या त्या वक्त्यालाही ते तसेच खरे वाटले होते. या कसबाची ताकद तिथे आहे आणि धोकाही तिथेच आहे.

(पुढील लेखांकात : मुंबईच्या सत्ताकारणाचा बातमीदार, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’चे लेखक अरुण साधू.)