नर्सिंग असोसिएट : दोन वर्षांचे शिक्षण आणि पुढची वाट

आपल्या बेटावरून १९६० व १९७० च्या दशकांत कितीतरी मुले-मुली परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेली. तेथे तेव्हा दोन वाटा होत्या. तीन वर्षे शिकणारी ‘रजिस्टर्ड’ नर्स होई, दोन वर्षे शिकणारी ‘एनरोल्ड’ नर्स. समुद्रापलीकडून आलेल्या अनेकांना फरक नीट समजावून न सांगताच दुसऱ्या वाटेला लावण्यात आले. कष्ट तेवढेच, रात्रपाळ्याही तेवढ्याच. पण बढतीचे दार जवळजवळ बंद आणि कित्येक देशांत त्या प्रमाणपत्राला मान्यता नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ते शिक्षण टप्प्याटप्प्याने बंद झाले.

आता तेथे पुन्हा दोन वर्षांची एक वाट निघाली आहे. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी सावध होणे साहजिक आहे. तिचे नाव ‘नर्सिंग असोसिएट’. २०१७ मध्ये पहिल्या तुकड्या सुरू झाल्या आणि जानेवारी २०१९ पासून नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने त्यांची नोंदणी इंग्लंडपुरती सुरू केली.

हे काम मदतनीस आणि नर्स यांच्या मधले. रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, ताप, नाडी व रक्तदाब पाहणे, जखमेची मलमपट्टी करणे, औषधे देणे, आणि प्रकृती बिघडू लागली की वेळीच ओळखून नर्सला सांगणे. शुश्रूषेची आखणी मात्र नर्सच करते.

बहुतेक जण नोकरी करता करता शिकतात. पगार मिळतो, फी भरावी लागत नाही. शिक्षणाचा निम्मा वेळ प्रत्यक्ष कामात जातो. लहान मुले, प्रौढ, मनोरुग्ण, मतिमंद अशा सर्व प्रकारच्या रुग्णांचा अनुभव घ्यावा लागतो. प्रवेशाला इंग्रजी व गणित पक्के हवे.

जुन्या वाटेपेक्षा मोठा फरक पुढेच आहे. हे शिक्षण जमेस धरले जाते व आणखी सुमारे दोन वर्षांत नर्स होता येते. पण ते आपोआप होत नाही. जागा आणि मालकाची संमती दोन्ही लागतात.

म्हणून पालकांनो, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नोकरीसह शिक्षणाच्या या जागा मुख्यतः तिकडे राहणाऱ्यांसाठी आहेत. तुमची पुतणी-भाची लंडनला वाढली असेल तर तिला जरूर सांगा. पण येथून पैसे घेऊन ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला आधी कागद मागा. दुसरे, जी मुलगी येथे रीतसर नर्स झाली आहे तिने खालच्या पायरीवर समाधान मानू नये. इंग्रजीची पात्रता सिद्ध करून व कौन्सिलच्या लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा देऊन तिला नर्स म्हणूनच नोंदणी मागता येते.

सेवा कोणतीही लहान नाही. मात्र आपले नाव कोणत्या नोंदवहीत चढणार, हे सही करण्यापूर्वीच विचारलेले बरे.