टेप आहे, पण वाचता येते का?

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीतला एक अभियंता दमला होता. जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम या कंपनीकडे ठेवतात. मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर मागे पडला होता; तिथला फोल्डर रिकामा करून पुन्हा भरायचा, एवढंच काम होतं. आज्ञा दिली आणि क्षणा-दोन क्षणांत ध्यानात आलं, आपण मुख्य सर्व्हरवरच आहोत. थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले.

बॅकअप होते की! एक नव्हे, पाच तऱ्हांचे. त्यातली एकही धड कामाला आली नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम 9.2 आवृत्तीचा, डेटाबेस 9.6 चा, तो रोज नकार देऊन थांबत होता आणि साठवणीची जागा रिकामीच होती. 'काम झालं नाही' अशी ईमेलही निघत होती, पण तिच्यावर हवी ती सही नसल्यानं दारातूनच परत जात होती. नक्कल ठेवणारा सर्व्हर तर आधीच पुसलेला.

आमच्या बँकेच्या दिवसांत याहून साधं घडलेलं पाहिलंय. हिशेब जुळला की टेप लावायची, भरली की वहीत सही करून कपाटात. तिच्यावरून काही परत उतरवून पाहिलंय का, हे कुणी विचारत नसे. एका शाखेत डिस्क गेली, टेपचं यंत्रही गेलं. नवं यंत्र आलं ते जुन्या टेपा वाचेना. हेडच्या जागेत केसभर फरक, बस्स. सह्या मात्र एकूण एक होत्या. शेवटी छापील शिलकेच्या याद्या आणि व्हाउचरचे गठ्ठे यांवरून खाती उभी केली. (कागदाला हसणाऱ्यांनी त्या आठवड्यात शाखेत यायला हवं होतं.)

गिटलॅबला वाचवलं योगायोगानं. सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच चाचणीसाठी एक प्रत काढून ठेवली होती. ती संथ डिस्कवर असल्यानं परत आणायलाच सुमारे अठरा तास गेले. मधल्या सहा तासांतली पाच हजारांच्या आसपास प्रकल्पांची नि तितक्याच अभिप्रायांची नोंद गेली, सातशेएक नवी खातीही. कंपनीनं मात्र काही झाकलं नाही. दुरुस्ती सर्वांना पाहता येईल अशी थेट दाखवली, अहवालात त्या अभियंत्याचं नाव घातलं नाही. मला हे फार मोठं वाटतं.

जाणकार सांगतात ते घरालाही लागू आहे. बिघडलेल्या डिस्कवर काही नवं लिहू नका. आधी तिची जशीच्या तशी प्रत काढा. बॅकअप मूळ जागी न उतरवता दुसऱ्या यंत्रावर उतरवा. मग नोंदी मोजा, शेवटची तारीख बघा. 'यशस्वी' या शब्दावर जाऊ नका.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत घरची हार्ड डिस्क मुलीच्या लॅपटॉपला लावून पाहिली. लग्नाचे फोटो उघडले, नातवाचं बारसं उघडलं. आईच्या आवाजातल्या ओव्यांची फाईल मात्र शून्य केबी. मूळ कॅसेट माळ्यावर आहे. सध्या ती न गुंडाळता वाजवील असा टेपरेकॉर्डर शोधतो आहे.