आरटीओची टेस्ट खरंच बंद झाली आहे का?

‘आता आरटीओत टेस्ट द्यावी लागत नाही, ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट पुरतं,’ असा मेसेज २०२४ च्या मे-जूनमध्ये घरोघरी फिरला. अजूनही कुणी ना कुणी तेच सांगतं. सांताक्रूझमध्ये वाकोला, गोळीबार भागात रिक्षा, टॅक्सी आणि डिलिव्हरीवर चालणारी घरं पुष्कळ आहेत. म्हणून नियम काय आहे, ते आम्ही इथे सांगत आहोत.

२०१९ मध्ये संसदेने मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती केली. त्याआधारे केंद्राचे नवे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. या नियमांनुसार सरकारमान्य ‘अ‍ॅक्रेडिटेड ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटर’ स्वतः प्रशिक्षण देऊन परीक्षा घेऊ शकतं. त्यासाठी सेंटरकडे सिम्युलेटर आणि टेस्ट ट्रॅक असावा लागतो. हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा असतो, त्यात २१ तास प्रत्यक्ष गाडी चालवायची असते. पास झालेल्याला ‘फॉर्म ५-बी’ मिळतो आणि फक्त त्यालाच आरटीओच्या टेस्टमधून सूट आहे.

गल्लीतल्या साध्या ड्रायव्हिंग स्कूलचा ‘फॉर्म ५’ वेगळा. त्यावर सूट नाही, टेस्ट द्यावीच लागते. मेसेज फिरल्यावर केंद्रीय मंत्रालयानेही खुलासा केला, की १ जून २०२४ पासून नियमात काहीही बदल नाही. लायसन्स देण्याचा अधिकारही परिवहन खात्याकडेच आहे. सांताक्रूझकरांसाठी ते अंधेरीचं आरटीओ, म्हणजे एमएच-०२.

पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘५ देणार की ५-बी?’ ५-बी म्हणाले, तर मान्यतेचा कागद बघायला मागा. सरकारी फीही लक्षात ठेवा. लर्निंग लायसन्सचे प्रत्येक वाहन प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५०, पक्क्या लायसन्ससाठी टेस्टचे ३०० आणि लायसन्सचे २००. पोस्टाचा वगैरे किरकोळ खर्च वेगळा. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, ‘आठ दिवसांत पक्कं करून देतो’ या बोलण्याला भुलू नका.

हा फक्त चलनाचा प्रश्न नाही. लायसन्सशिवाय गाडी चालवली तर ५,००० रुपये दंड आहेच. पण अपघात झाला आणि लायसन्स बनावट निघालं, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायला निघू शकते. अशा वेळी अब्बांनी कर्ज काढून घेतलेली रिक्षाही विकायची पाळी येते. त्यापेक्षा महिनाभर नीट शिकलेलं आणि टेस्ट देऊन मिळवलेलं लायसन्स केव्हाही बरं.