उपासाचा पैसा जातो कुठे?

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं गाव. पूर्वी इथे शेती होती, गुरंढोरं होती. मग कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या. त्यांच्याबरोबर लांबलांबची माणसं आली. गोव्याची आली, वसईची आली, मंगळूरची आणि केरळची आली. त्यांत कॅथलिक ख्रिस्ती घरंही आहेत. आपल्या बाया त्यांच्याकडे कामाला जातात. आपली पोरं त्यांच्या पोरांबरोबर खेळतात.

शेजार आला की प्रश्न पडतातच. शिवरात्र-होळीच्या सुमारास एका बुधवारी ही माणसं कपाळाला राख का लावतात? शुक्रवारी मटण-कोंबडी का बंद? आणि त्याच दिवसांत त्यांच्या शाळेत पैशाची पेटी का फिरते? ते पैसे जातात कुठे? हेच आज आम्ही सांगणार आहोत.

राखेच्या बुधवारी त्यांचा उपासाचा काळ सुरू होतो. येशू ख्रिस्तानं रानात चाळीस दिवस उपास केला, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्याची आठवण म्हणून हे चाळीस दिवस. मधले रविवार यात मोजत नाहीत. शेवटी गुड फ्रायडे येतो. त्या दिवशी येशूला क्रुसावर चढवलं. मग रविवारी ईस्टर. येशू मरणातून उठला, त्याचा हा सण.

ईस्टरची तारीख दर साली बदलते. आपल्यासारखीच त्यांचीही पुनव बघावी लागते. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पुनव येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून कधी कधी आपली चैत्री पुनव आणि त्यांचा सण अगदी जवळ येतात. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि गुड फ्रायडे ७ एप्रिलला. इकडे म्हातोबाच्या बगाडाचे दिवस, तिकडे क्रुसाची प्रार्थना.

उपासाचा नेम फार कडक नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस एकदाच पोटभर जेवायचं. हा नेम अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या माणसांना. या दिवसांतल्या शुक्रवारी मांस खायचं नाही. हा नेम चौदा वर्षांपासून पुढे. मासळी चालते. आता वसईच्या माणसाला मासळी चालली, तर तो उपास कसला, असं तुम्ही म्हणाल. ते त्यांचं त्यांना ठाऊक!

पण खरी गोष्ट पुढे आहे. नुसतं पोट उपाशी ठेवलं, तर उपास अर्धाच झाला, असं ते मानतात. प्रार्थना, उपास आणि दान या तिन्ही गोष्टी एकत्र चालायच्या. ताटातलं जे वाचलं, ते आपलं नाही. ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे. पेटी फिरते ती यासाठी.

एक हिशेब करून बघू. शाळेतल्या शंभर मुलांनी शुक्रवारचा वडापाव सोडला. वडापाव पंधरा रुपयांना धरा. एका शुक्रवारी १,५०० रुपये झाले. गुड फ्रायडेला शाळा बंद असते. तो सोडला तर सहा शुक्रवार उरतात. म्हणजे ९,००० रुपये. कुणा एका शेटजींनी ९,००० रुपये दिले, तर त्यांचं नाव फळ्यावर लागलं असतं. इथे कुणाचंच नाव लागत नाही. दान गाजावाजा न करता द्यावं, ही येशूचीच शिकवण आहे.

पुण्यात अशा शाळा जुन्या आहेत. कँपातली सेंट व्हिन्सेंट शाळा १८६७ सालची. पाषाणची लोयोला शाळा १९६१ सालची. दोन्ही येशूसंघाच्या फादर लोकांनी चालवलेल्या. अशा शाळांत हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती अशी सगळ्यांची मुलं एका बाकावर बसतात.

कँपातल्या शाळेला ज्यांचं नाव आहे, ते व्हिन्सेंट दी पॉल कोण होते? ते फ्रान्स देशातले एक पाद्री. १६१७ साली ते शातियों नावाच्या लहान गावात होते. एका रविवारी त्यांना निरोप आला. गावाबाहेर एक घर आहे, घरातली सगळी माणसं आजारी आहेत, पाणी द्यायलाही कुणी उभं नाही. व्हिन्सेंट यांनी चर्चमध्ये लोकांना हे सांगितलं. दुपारनंतर ते स्वतः तिकडे निघाले. बघतात तर काय! वाटेवर बायांची रांगच लागलेली. कुणी अन्न घेऊन चाललेल्या, कुणी देऊन परतत होत्या.

दुसरा कुणी असता तर खूष झाला असता. व्हिन्सेंट विचारात पडले. आज एवढं अन्न आलं. त्यातलं बरंचसं नासून जाणार. आणि चार दिवसांनी हे घर पुन्हा उपाशी. माया भरपूर आहे, पण तिला व्यवस्था नाही. मग त्यांनी गावातल्या काही बायांना एकत्र बसवलं आणि पाळी लावून दिली. आज एकीनं जायचं, उद्या दुसरीनं. आजाऱ्याला जेवण द्यायचं, दोन शब्द बोलायचं, मग पुढच्या घरी जायचं.

आपल्याकडे हे नेहमी दिसतं. कुणाचं घर जळालं, की पहिल्या दिवशी सगळी आळी भाकऱ्या घेऊन धावते. दहाव्या दिवशी त्या घरात काय शिजलं, हे कोण विचारतं? यात्रेच्या वर्गणीला आपण वही ठेवतो, पावती फाडतो. अडलेल्या घरासाठी मात्र वही नसते. आम्हाला ही गोष्ट फार लागते.

पुढे १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. वादसभेत त्याला एकानं टोमणा मारला. तुमचा धर्म पूर्वी मोठा असेल, पण आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? ओझानामला ते झोंबलं. चार-सहा मित्रांना घेऊन त्यानं एक संघ काढला. त्याला व्हिन्सेंट यांचंच नाव दिलं. हा संघ आज आपल्या देशातही आहे. त्याची रीत अशी. गरिबाला दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. सभा संपली की एक पिशवी फिरते. ज्याला जमेल ते त्यानं आत टाकायचं. कुणी किती टाकलं, हे शेजारच्यालाही कळत नाही. ज्याच्याकडे काही नाही, तोही पिशवीत हात घालतो. म्हणजे त्याचीही लाज राहते.

चर्चमध्ये आणि शाळेत उपासाच्या काळात जमलेला पैसा असाच जवळच्या गरजूंना जातो. त्यातला काही कारितास इंडिया या संस्थेकडे जातो. कारितास म्हणजे प्रेम. हा लॅटिन भाषेतला शब्द. ही संस्था १९६२ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी काढली. पूर, भूकंप, दुष्काळ आला की ती मदत करते. मदत देताना जात-धर्म बघायचा नाही, असा तिचा नियम आहे.

तरी गावात कुजबूज होतेच. शाळेत घातलं, तर पोराला बाटवतील का? याचं उत्तर कायद्यात आहे. आपल्या राज्यघटनेचं २८ वं कलम वाचा. सरकारनं मान्यता दिलेल्या शाळेत कुणालाही धर्माच्या शिकवणीला सक्तीनं बसवता येत नाही. मूल लहान असेल, तर आईबापांची संमती लागते. त्यामुळे कॅथलिक मुलांचा धर्माचा तास असतो, तेव्हा बाकीच्या मुलांना बहुधा नीतीचे पाठ देतात.

पैशाचंही तसंच. देऊळ असो की चर्च, आपल्या राज्यात सार्वजनिक ट्रस्टला १९५० सालचा कायदा लागू आहे. धर्मादाय आयुक्ताकडे नोंदणी करावी लागते आणि हिशेब तपासून घ्यावे लागतात. म्हणून वर्गणी देताना पावती मागायला लाजू नका.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. गरीब मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवायचा कायदा आहे. पण तो अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली दिला. काही शाळा आपणहून फी माफ करतात. पण माफी मिळणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. पेटीत पैसे टाकणाऱ्या मुलाच्या शेजारी त्याच्याकडे काम करणाऱ्या बाईचं पोर बसतं का, हे त्या शाळांनी स्वतःला विचारायला हवं.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी ही मंडळी झावळ्या हातात घेऊन चर्चला जातात. येशू यरुशलेम शहरात आला, तेव्हा लोकांनी त्याचं असंच स्वागत केलं होतं. त्या झावळ्या कुणी टाकून देत नाही. घरी जपून ठेवतात. वर्षभरात त्या वाळतात. मग पुढच्या साली त्या चर्चमध्ये आणून जाळतात, आणि बुधवारी त्यांचीच राख कपाळाला लागते.